मावळातील एका मोहिमेचा जमाखर्च

वडगावच्या लढाईविषयी मराठी वाचकास नव्याने सांगण्याजोगे काय उरले आहे, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. इसवी सन १७७९ च्या जानेवारी महिन्यात पुण्यावर चालून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनी मावळात कोंडली, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने वडगावास तह झाला आणि राघोबादादांस गादीवर बसविण्याचा बेत फसला, ही हकीकत शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. परंतु या मोहिमेची एक बाजू विजयाच्या आनंदात बहुधा झाकून जाते. प्रत्येक युद्ध हा एक जमाखर्चही असतो. कोणी कोणास काय देऊ केले, कोणाच्या शब्दावर कोणी विसंबले, पैसा कोणाचा गेला, प्राण कोणाचे गेले आणि शेवटी जाब कोणास विचारला गेला, या पाच प्रश्नांची उत्तरे लावल्यावाचून कोणत्याही लढाईचा हिशेब पुरा होत नाही. वडगावच्या मोहिमेचा असा हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम स्थळ ध्यानात घेतले पाहिजे. बोरघाट चढून खंडाळ्यास आले म्हणजे पूर्वेकडे इंद्रायणीचे खोरे उघडते. लोणावळा, कारले, कामशेत, वडगाव आणि तळेगाव ही गावे याच खोऱ्यात एकामागून एक लागतात. दक्षिणेस लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले वाटेवर नजर ठेवून उभे आहेत. कोकणातून देशावर येणाऱ्यास ही वाट टाळून पुण्यास जाणे अवघड, आणि या वाटेवर शिरलेल्यास मागचा घाट शत्रूच्या हाती गेला तर परतणे त्याहून अवघड. कामशेत या वाटेच्या साधारण मध्यावर येते. आज आगगाडी लोणावळ्याहून मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी स्थानके घेत अर्ध्यापाऊण तासात तळेगावास पोहोचते. एवढाच मुलूख तुडविण्यास कंपनीच्या फौजेस १७७९ साली दोन आठवडे लागले, हीच गोष्ट पुढील साऱ्या हकीकतीची किल्ली आहे.

मोहिमेचे मूळ मात्र मावळात नसून सुरतेस आहे. १७७३ च्या ऑगस्टात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रे घेतली. परंतु नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारून नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालविले. दादासाहेब निराश्रित झाले आणि मुंबईकर इंग्रजांच्या दारी गेले. १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेस जो करार झाला तो वाचीत असताना आपण राजकारणाचा कागद वाचीत आहो की एखाद्या सावकारी खरेदीचा, असा भ्रम पडतो. कंपनीने तोफखान्यासह फौज पुरवावयाची. दादांनी अडीच हजार माणसांबद्दल दरमहा दीड लक्ष रुपये द्यावयाचे. रोकड नसल्यामुळे सहा लक्षांचे जडजवाहीर गहाण ठेवावयाचे. आणि शिवाय साष्टी, वसई व गुजरातेतील काही महाल कायमचे तोडून द्यावयाचे. जो माल अद्याप आपल्या ताब्यात नाही तो तारण म्हणून लिहून देणारा ऋणको, आणि तो ताब्यात आणून देण्याचे काम स्वतःच पत्करणारा सावकार, असा हा विलक्षण व्यवहार होता.

अशा व्यवहारास परवानगी कोणाची लागते, हा प्रश्न त्या काळीही नवा नव्हता. विलायतेच्या पार्लमेंटाने १७७३ साली नियामक कायदा करून मुंबई आणि मद्रास येथील सरकारांस कलकत्त्याच्या अनुमतीवाचून युद्ध वा तह करण्याची मनाई केली होती. मात्र आणीबाणीची निकड असेल, किंवा संचालकांचा परभारे हुकूम आलेला असेल, तर गोष्ट निराळी, अशा पळवाटाही त्या कायद्यात होत्या. कलकत्तेकरांनी सुरतेचा करार नापसंत केला, कर्नल अप्टन यास वकील म्हणून पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास बारभाईंशी तह केला. तोच लंडनच्या संचालकांची पत्रे आली, ती सुरतेच्या कराराची वाखाणणी करणारी. एका घरात तीन कारभारी असले म्हणजे ज्यास जे हवे त्याची आज्ञा कोठून ना कोठून मिळतेच. मुंबईकरांनी कलकत्त्याचा तह कागदावर ठेविला आणि संचालकांचे पत्र उराशी धरले.

इकडे पुण्याच्या दरबारासही मित्रांची आणि त्यांच्या मालाची वाण नव्हती. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास दाखल झाला. अडीच हजार गोरे शिपाई आणून देतो, दहा हजार एतद्देशीय शिपायांस कवाईत शिकवून तयार करतो, दारूगोळा आणि शस्त्रे मुबलक पुरवितो, असे त्याचे बोलणे होते. आणि या साऱ्याच्या मोबदल्यात कोकणपट्टीत चेऊलच्या बंदरात फ्रेंचांस पाय ठेवण्यास जागा मिळावी, अशी त्याची अपेक्षा होती. पुण्यातील इंग्रज वकील मॉस्टिन हे सारे पाहत होता आणि मुंबईस लिहीत होता. मुंबईकरांच्या मनात फ्रेंचांविषयी जी धास्ती बसली, तिचे पुढील मोहिमेच्या कारणांत मोठे अंग आहे.

आता पाहण्याजोगी गोष्ट ही की, हे अडीच हजार गोरे शिपाई कधीच आले नाहीत. १७७८ साली सेंट लुबिन पुण्याहून निघून गेला आणि त्याचा शब्दही त्याच्याबरोबर गेला. तरीसुद्धा १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांचे काही अडले नाही. कारण नानांनी आपल्या युद्धाच्या तयारीत फ्रेंचांची एकही बंदूक हिशेबात धरली नव्हती. परक्या वकिलाचा आदर करावा, त्याच्या पुण्यातील वास्तव्याने शत्रूच्या पोटात भीतीचा गोळा उठतो तो उठू द्यावा, परंतु त्याने देऊ केलेला माल कोठारात येऊन पडेपर्यंत तो जमेच्या बाजूस लिहू नये, असे नानांचे धोरण त्यांच्या कृतीवरून दिसते. मित्राकडून शस्त्रे घेणाऱ्या कोणत्याही राज्यास याहून शहाणपणाचा नियम सापडणे कठीण आहे.

मुंबईकरांनी नेमके याच्या उलट केले. १७७८ च्या प्रारंभी पुण्यात मोरोबा फडणीसांनी नानांविरुद्ध उचल केली. मोरोबा दादांस बोलावीत आहेत, सखारामबापू आतून अनुकूल आहेत, तुकोजी होळकरही वळतील, अशा बातम्यांवर मुंबईच्या कौन्सिलने मोहिमेचा संकल्प सोडला. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात महादजींच्या बळावर नानांनी हा डाव उधळून लावला, मोरोबांस कैदेत टाकले आणि होळकरांस आपल्याकडे वळविले. ज्या मित्रांच्या भरवशावर मोहीम ठरली होती ते मित्रच उरले नाहीत. मोहीम मात्र कायम राहिली. नोव्हेंबरात दादांशी नवा करारनामा झाला, तोही जुन्या आशेवरच. वॉरन हेस्टिंग्जने काल्पीहून मध्य हिंदुस्थानच्या मार्गे पाठविलेली बंगालची फौज कर्नल गॉडर्डच्या हाताखाली वाटेत होती. तिची वाट पाहण्याचाही धीर गव्हर्नर हॉर्नबी आणि त्याचे कौन्सिल यांस झाला नाही.

फौज सुमारे ३,९०० माणसांची होती. त्यांत सहाशेच्या आत गोरे, आणि बाकीचे बहुतेक एतद्देशीय शिपाई आणि तोफखान्याचे लष्कर. या फौजेबरोबर ओझ्याचे बैल किती होते? एकोणीस हजारांवर! म्हणजे दर शिपायामागे जवळजवळ पाच बैल. त्याखेरीज तोफा ओढणारी जनावरे निराळी, बाजारबुणगे निराळे आणि दादासाहेबांचा परिवार निराळा. सेनापतिपद एका माणसाकडे नसून कारनॅक, कर्नल एजर्टन आणि मॉस्टिन अशा तिघांच्या समितीकडे होते. एजर्टन प्रकृतीने खंगलेला, या देशातील युद्धाचा त्यास अनुभव नाही. कारनॅक कौन्सिलचा सभासद, तेव्हा लष्कराने मान कोणास द्यावयाचा यावरून दोघांत वाद. आणि या मुलखाची खरी माहिती असलेला मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला व १ जानेवारी १७७९ रोजी मरण पावला. निर्णय तिघांचा असला म्हणजे दोष कोणाचाच नसतो. समितीच्या हाती सैन्य देण्याची ही युक्ती ज्याने काढली, त्याने जबाबदारी वाटून घेण्याची नव्हे, तर ती हवेत विरून जाण्याची सोय केली होती.

बिनीची तुकडी घेऊन कॅप्टन स्ट्यूअर्टने २५ नोव्हेंबरास बोरघाट हस्तगत केला. मुख्य फौज घाटमाथ्यावर येण्यास २३ डिसेंबर उजाडला. तेथून कारल्यापर्यंतच्या आठ मैलांस अकरा दिवस लागले. मराठ्यांनी समोरासमोर लढाई दिलीच नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके हे सरदार दुरून वेढा देत होते आणि भिवराव पानसे यांचा तोफखाना नेम धरून होता. ३१ डिसेंबरास लेफ्टनंट कर्नल केय जखमी झाला, तो त्यातून उठला नाही. ४ जानेवारीस कारल्याजवळ खुद्द स्ट्यूअर्ट पडला. या शूर अधिकाऱ्याचे नाव मराठ्यांनी आपल्या जिभेस मानवेल असे वळवून घेतले आणि त्यास ‘फाकडा’ ही पदवी दिली. इष्टुर फाकड्याची समाधी म्हणून वडगावास एक स्थळ दाखविले जाते आणि तेथे लोकांचा भाविकपणाही पोहोचला आहे. शत्रूच्या एका कॅप्टनाचे स्मरण मावळाने राखले. त्यास येथवर पाठविणाऱ्या कौन्सिलदारांची नावे येथे कोणास माहीत नाहीत. लोकस्मृतीचा न्याय असा असतो.

दोन दिवसांनी एजर्टनने प्रकृतीच्या कारणाने हुद्दा सोडला आणि कर्नल कॉकबर्न सेनापती झाला. कामशेतावरून पुढे सरकत फौज ९ जानेवारीस तळेगावास पोहोचली, तो गाव रिकामा करून पेटवून दिलेला. वैरण जाळलेली, दाणा हलविलेला. यापुढे चिंचवड आणि प्रसंगी पुणेही जाळावयाचे, असा मराठ्यांचा निश्चय असल्याची बातमी इंग्रजांच्या गोटात आली. या युक्तीचे कौतुक इतिहासकार करतात आणि ते योग्यच आहे. परंतु जमाखर्चाच्या वहीत येथे एक रक्कम मावळच्या रयतेच्या नावे लिहिली पाहिजे. जी घरे जळाली ती शत्रूने जाळली नव्हती. फौजेच्या पायमल्लीबद्दल गावांस सारासूट देण्याची रीत पेशव्यांच्या दप्तरात आढळते, हे खरे. पण सूट ही पुढील साली मिळावयाची असते आणि जानेवारीची थंडी त्याच रात्री असते.

तळेगावास इंग्रजांपाशी अठरा दिवसांची शिधासामग्री होती आणि पुणे सुमारे वीस मैलांवर राहिले होते. तरीही समितीचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तेथील तळ्यात लोटून, सामानास आग लावून फौज गुपचूप मागे फिरली. ही गुप्तता मराठ्यांपासून तासभरही टिकली नाही. दुसऱ्या दिवशी पिछाडीवर सर्व बाजूंनी मारा झाला. त्या पिछाडीचा नायक हार्टले आणि त्याच्या हाताखालचे एतद्देशीय शिपाई यांनी पाय रोवून झुंज दिली, म्हणूनच उरलेली फौज वडगावच्या आश्रयास पोहोचू शकली. त्या एका दिवशी मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून कंपनीच्या हिशेबाप्रमाणे ३५२ माणसे खर्ची पडली. त्यांत पंधरा गोरे अधिकारी होते. हा आकडा अर्थातच पलटणीच्या हजेरीपटावर ज्यांची नावे होती त्यांचा. बैल हाकणारे, पाणी वाहणारे, डोलीचे भोई हे त्या गर्दीत जीव मुठीत धरून गावात घुसले होते.

यानंतरचा प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. समितीने फार्मर नावाच्या अधिकाऱ्यास बोलणे लावण्यासाठी पाठविले. मराठ्यांनी दादांस स्वाधीन करण्याची आणि नवा तह लिहून देण्याची मागणी केली. त्यावर इंग्रजांकडून उत्तर आले की, कलकत्त्याच्या अनुमतीवाचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाही. तेव्हा मराठ्यांच्या बाजूने जो प्रतिप्रश्न झाला त्याचा मतलब असा: कर्नल अप्टनने केलेला पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला होता, तो आधी दाखवा. युद्ध करताना अधिकार आठवत नाही आणि तह करताना मात्र आठवतो, या दुटप्पीपणावर याहून नेमके बोट कोणी ठेविले नाही. पार्लमेंटाच्या समितीने जो प्रश्न पुढे वर्षानुवर्षे कागद चाळून विचारला, तो वडगावच्या छावणीत एका वाक्यात विचारून झाला होता.

१६ जानेवारीस तह ठरला. थोरल्या माधवरावांच्या निधनानंतर घेतलेला साष्टीसह सर्व मुलूख परत द्यावा, बंगालच्या फौजेस परत जाण्याविषयी लिहावे, असा त्याचा सारांश. महादजींनी मध्यस्थी केली म्हणून त्यांस भडोच आणि त्यांच्या चाकरांस ४१,००० रुपये देण्याचे निराळे वचन झाले. राघोबादादा आधीच शिंद्यांच्या आश्रयास गेले होते. फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्यूअर्ट हे दोघे ओलीस राहिले. फौज घाट उतरली, आणि उतरताच कारनॅकने गॉडर्डला परत जाण्याविषयी दिलेला हुकूम स्थगित केला. मुंबईस हॉर्नबीने समितीस तहाचा अधिकारच नव्हता असे म्हणून सारा तह झिडकारला. आपले दोन अधिकारी शत्रूच्या हाती ओलीस असताना ज्या शब्दावर ते ओलीस राहिले तो शब्द मोडण्यास मुंबई सरकारास फार विचार पडला नाही. ते दोघे वाचले ते महादजींच्या सभ्यतेमुळे; पुढील वर्षी गुजरातेत महादजींनी त्यांस सुखरूप सोडून दिले.

आता पाचवा प्रश्न, जाबाचा. संचालकांनी कारनॅक, एजर्टन आणि कॉकबर्न या तिघांस नोकरीतून काढून टाकले. शिक्षा कमी नव्हती, आणि तिघे निर्दोष होते असेही कोणी म्हणणार नाही. परंतु मोहीम ठरविणारे मुंबईत होते, त्यांच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. ज्याने पिछाडी राखली त्या हार्टलेची कथा तर अधिक बोधप्रद आहे. मुंबईकरांनी त्यास लेफ्टनंट कर्नल केले. पण त्याच्याहून जुन्या अधिकाऱ्यांची तक्रार पडून संचालकांनी ही बढती मान्य केली नाही, आणि अखेर त्यास विलायतेस जाऊन राजाच्या सैन्यात जागा मिळवावी लागली. संकटात शौर्य मोजले जाते आणि संकट टळल्यावर ज्येष्ठता मोजली जाते, हा सरकारी दप्तराचा नियम तेव्हाही होता.

तथापि एक गोष्ट इंग्रजांच्या जमेस मांडलीच पाहिजे. उशिरा का होईना, प्रश्न वरपर्यंत गेला. १७८१ साली पार्लमेंटाने हिंदुस्थानातील युद्धांच्या चौकशीसाठी डंडासच्या अध्यक्षतेखाली गुप्त समिती नेमली. तिच्या अहवालांतून कौन्सिलचे ठराव आणि पत्रव्यवहार छापून बाहेर आला. २८ मे १७८२ रोजी कॉमन्स सभेने हेस्टिंग्ज आणि हॉर्नबी या दोघांसही परत बोलावण्यात यावे असा ठराव केला. कंपनीच्या भागीदारांनी हेस्टिंग्जच्या बाबतीत तो जुमानला नाही, आणि हॉर्नबीही १७८४ पर्यंत मुंबईच्या गादीवर राहिला. ठराव कागदावरच राहिला. परंतु व्यापारी मंडळीच्या हाती युद्धाचा अधिकार असावा आणि जाब मात्र कोणीच देऊ नये, ही स्थिती चालणार नाही, हे विलायतेतील लोकांस उमगले. १७८४ च्या पिटच्या कायद्याने कंपनीच्या कारभारावर सरकारी नियंत्रण मंडळ बसले, त्यामागे या प्रकरणाचाही हात आहे.

पण शिपायाचे काय? मोहिमेचा खरा भार ज्याच्या खांद्यावर, त्याच्या घरी पुढे कोण पाहते? याविषयी मराठ्यांची परंपरा अभिमान वाटावा अशी आहे. प्रतापगडच्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनी पडलेल्यांच्या मुलांस चाकरीत घेतले, निपुत्रिक वीरांच्या विधवांस अर्धे वेतन चालविले आणि जखमींस जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले, असे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पेशवाईत याच रिवाजास बालपरवेशी असे नाव होते. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या संगोपनासाठी नेमणूक, कोणास जमीन, कोणास रोख, अशा नोंदी पेशव्यांच्या रोजकीर्दीत मिळतात. ही नोंद दयेच्या सदरात नसून राज्याच्या देण्याच्या सदरात आहे, हे विशेष होय. कंपनीकडेही असा एक निधी होता. मीर जाफरने मरताना क्लाइव्हच्या नावे ठेविलेल्या पाच लक्ष रुपयांतून १७७० साली तो उभा राहिला आणि त्यातून कंपनीच्या पंगू गोऱ्या सैनिकांस व त्यांच्या विधवांस मदत मिळे. एका देशी मित्राच्या पैशावर उभारलेला हा निधी. वडगावच्या वाटेवर ज्या देशी शिपायांनी हार्टलेबरोबर पाय रोवले, त्यांच्या बायकामुलांचा त्यात वाटा नव्हता.

म्हणून मराठ्यांचा हिशेब चोख होता असे ठरते काय? तसेही नाही. शिलेदारांचा मुशाहिरा वर्षानुवर्षे थकविणे, बारा महिन्यांच्या चाकरीस दहा-अकरा महिन्यांचा पगार देणे आणि थकलेल्या पगारासाठी लोकांनी सरदाराच्या दारी धरणे धरणे, हे प्रकार त्याच पेशवाईत घडत होते. मेलेल्याच्या मुलास नेमणूक आणि जिवंत शिपायास वायदा, असा हा विसंवाद होता. त्याहून मोठी उणीव दुसरीच आहे. वडगावच्या तहाने हाती आलेले दादासाहेब महादजींच्या ताब्यात दिले गेले. झाशीकडे नेत असता १७७९ च्या उन्हाळ्यात नर्मदेच्या तीरावरून ते निसटले आणि पुन्हा सुरतेस इंग्रजांस जाऊन मिळाले. साऱ्या मोहिमेचे फलित अशा रीतीने पाच महिन्यांत हातचे गेले आणि युद्ध आणखी तीन वर्षे लांबले. याचा जाब महादजींस कोणी विचारला? नानांस विचारता आला नसता. विचारला असता तरी महादजींनी दिला नसता. महादजींसारख्या थोर पुरुषाच्या कीर्तीस यामुळे बाध येत नाही. पण ज्या राज्यात थोर पुरुषास प्रश्न विचारण्याची जागाच नाही, ते राज्य थोर पुरुष असेपर्यंतच टिकते, ही गोष्ट पुढील चाळीस वर्षांनी सिद्ध केली.

१७ मे १७८२ रोजी सालबाईस तह होऊन हिशेब बंद झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. दादासाहेबांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली आणि पुढील वर्षी कोपरगावास त्यांचा अंत झाला. वडगावचा तह इंग्रजांनी रद्द ठरविला होता. परंतु तेथे कोंडलेल्या फौजेशी महादजी माणुसकीने वागले याची आठवण ठेवून भडोच मात्र त्यांस दिले गेले. ज्या तहाचा कोणताही शब्द पाळला गेला नाही, त्यातील पाळला गेलेला एकमेव शब्द शिपायांस दिलेल्या वागणुकीच्या मोबदल्याचा होता.

या दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक विचित्र दृश्य दिसते. मराठ्यांच्या वहीत शिपायाच्या अनाथ मुलासाठी सदर आहे, पण सरदाराच्या चुकीसाठी पान नाही. इंग्रजांच्या वहीत गव्हर्नरास जाब विचारण्याचे पान आहे, पण देशी शिपायाच्या विधवेसाठी सदर नाही. प्रत्येकाजवळ अर्धी वही होती. राज्याची पूर्ण वही ती, जिच्यात हे दोन्ही असते.

आजच्या स्वतंत्र भारतास ही दोन्ही अर्धी मिळाली आहेत. लष्करी खर्च महालेखापरीक्षक तपासतात, संसदेची लोकलेखा समिती त्यावर प्रश्न विचारते. १९८६ साली स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० तोफा घेण्याचा करार झाला आणि पुढील वर्षी दलालीचा आरोप होताच संयुक्त संसदीय समिती बसली, महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, न्यायालयांत वर्षानुवर्षे खटले चालले. त्याच तोफांनी १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर उत्तम काम दिले. काही लोक यावरून म्हणतात की, माल चांगला होता, मग चौकशी कशास? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. तोफ चांगली की वाईट हे गोलंदाजाने सांगावयाचे. ती कोणत्या मार्गाने, किती मोलाने आणि कोणाच्या शब्दावर आली हे मंत्र्याने सांगावयाचे. एकाच्या उत्तराने दुसऱ्याचा प्रश्न फिटत नाही. तसेच निवृत्त सैनिकांच्या समान हुद्द्यास समान निवृत्तिवेतनाची मागणी अनेक दशके पडून होती. २०१५ साली ती सरकारने मान्य केली, ती माजी सैनिक राजधानीत धरणे धरून बसल्यावर. पेशवाईतील शिलेदारांचे धरणे ज्याने वाचले आहे, त्यास या शब्दाची ओळख निराळी पटवून द्यावी लागत नाही.

मावळच्या या खोऱ्यात सैन्याचा वावर आजही आहे. लोणावळ्यास नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था १९४५ पासून तंत्रशिक्षण देत आहे, आणि खाली देहूरोडला लष्कराची कोठारे आहेत. वडगावास महादजींच्या विजयाचे स्मारक आहे. तेथे थांबणाऱ्याने विजयाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्याबरोबरच त्या छावणीत विचारला गेलेला प्रश्नही बरोबर न्यावा; कारण तो शत्रूस विचारला गेला म्हणून शत्रूपुरता संपत नाही. युद्धाचा निर्णय घेणाऱ्या, परदेशी मित्राचा शब्द जमेस धरणाऱ्या, आणि शिपायास घाटावर पाठवून स्वतः मुंबईत, पुण्यात वा दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येक सरकारास तो विचारण्याजोगा आहे: तुमचा अधिकार कोणाचा, आणि तुमचा हिशेब कोणापुढे?